ट्रायइथाइल ॲल्युमिनियम: भरलेल्या बाटलीपेक्षा रिकामीला भ्या

प्रश्न असा आलाय: "सर, एम.एस्सी. करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका छोट्या इंटरमीडिएट्सच्या युनिटमध्ये आर अँड डी बघतो. नव्या प्रॉडक्टसाठी ट्रायइथाइल ॲल्युमिनियम आणायचं चाललंय. मालक म्हणतात, हवेत पेटतं एवढंच ना, नायट्रोजन लावू की. मला मात्र धाकधूक आहे. हे नक्की काय प्रकरण आहे, कुठं वापरतात आणि आमच्यासारख्या ठिकाणी सुरक्षितपणे हाताळता येतं का?"

मालकांचं अर्धं बरोबर आहे. हवेत पेटतं आणि नीट नायट्रोजन असेल तर पेटत नाही. पण माझी नोकरी आधी पॉलिमर प्लँटमध्ये आणि मग फार्माच्या पायलट प्लँटमध्ये ॲल्युमिनियम अल्किल्स, म्हणजे याच घराण्यातले पदार्थ, हाताळण्यात गेली, आणि भरलेल्या सिलिंडरनं कुणाला भाजलेलं मी पाहिलं नाही. भरलेल्याला सगळे भितात. भाजलं ते "संपलंय, रिकामं आहे, धुतलंय" असं ज्याला म्हटलं होतं त्यानं. सुईत राहिलेला थेंब, व्हॉल्व्हच्या पोटात अडकलेलं चमचाभर, क्वेंच झालं, म्हणजे उरलेलं रसायन सावकाश निकामी करून झालं, असं समजून पाणी घातलेलं भांडं. म्हणून या उत्तरात उघडण्यापेक्षा आवरण्याबद्दल जास्त लिहितोय.

आधी पदार्थाची ओळख. प्लँटवर याला सगळे "टील" म्हणतात, मीही तेच म्हणतो. दिसायला पाण्यासारखं रंगहीन द्रव, घनता ०.८३ च्या आसपास, उकळबिंदू १८५ अंशांच्या वर. हवेचा स्पर्श झाला की आधी पांढरा धूर आणि लगेच ज्योत. धूर पांढरा, कारण जळून ॲल्युमिनियम ऑक्साइडच तयार होतं. तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप आल्यासारखं होतं, वेल्डिंगवाल्यांना गॅल्व्हनाइज्ड पत्रा जाळल्यावर होतं तसं.

का पेटतं, तर ॲल्युमिनियमला तीन इथाइल लागलेले असतात आणि चौथी जागा मोकळी राहते. ही भूक इतकी की दोन रेणू एकमेकांना धरून जोडीनं राहतात. ऑक्सिजन किंवा पाणी दिसलं की त्याच जागेवर ते येऊन बसतं आणि ॲल्युमिनियम-ऑक्सिजन बंध तयार होताना एवढी उष्णता निघते की पुढचं सगळं आपोआप होतं. पाण्याशी झालं तर प्रत्येक इथाइलचा एक इथेन सुटतो, म्हणजे एका मोलला तीन मोल वायू. वजनात सांगायचं तर ११४ ग्रॅम टीलमधून साध्या तापमानाला सत्तर लिटरच्या वर इथेन. तोही ज्वालाग्राही, आणि हवेपेक्षा जरासाच जड.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायला फाउंड्रीचं उदाहरण पुरतं. साचा ओला राहिला आणि रस ओतला की काय होतं ते शिरोलीतल्या कुठल्याही मोल्डरला विचारा. फरक एवढाच की तिथं पाण्याची वाफ होऊन रस उडतो, इथं पाणी स्वतःच प्रतिक्रियेत भाग घेतं आणि वर जळणारा वायू देतं. आणि रस लालभडक दिसतो तरी, हे थंडगार पाण्यासारखं दिसतं.

आणखी एक गोष्ट कमी लोक लक्षात ठेवतात. १२० अंशांच्या पुढं टील स्वतःच तुटायला लागतं, इथिलीन सुटतं आणि मागं डायइथाइल ॲल्युमिनियम हायड्राइड राहतं. बंद भांड्यात गरम केलं तर हवा-पाण्याशिवायही दाब चढतो. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म यांसारख्या क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटशी तर गाठ घालूच नका, स्फोट होऊ शकतो. तुमच्या युनिटमध्ये एमडीसीचे, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइडचे, ड्रम असणारच, त्यामुळे हे ठळक लिहून लावा. टीएचएफ या सॉल्व्हंटशी ते जुळवून घेतं, पण तेही उष्णता देत.

वापर कुठं, हे विचारलंत म्हणून. १९५३ साली जर्मनीतल्या मुलहाइमला कार्ल झिगलरनं टायटॅनियम क्लोराइडबरोबर ॲल्युमिनियम अल्किल वापरून साध्या दाबाला इथिलीनचं प्लास्टिक करून दाखवलं, पाठोपाठ इटलीत जुलिओ नट्टानं पॉलीप्रॉपिलीन केलं, १९६३ चं नोबेल दोघांना मिळून. आजही पॉलीप्रॉपिलीनच्या प्लँटमध्ये टील हाच जोडीदार उत्प्रेरक असतो. युरियाच्या पोत्यापासून प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत आपण जे वापरतो त्यातलं बरंचसं याच्या हातून गेलंय. इथिलीनची साखळी वाढवून साबण-डिटर्जंटसाठी लांब अल्कोहोल करायलाही ते लागतं. रॉकेटवाले ट्रायइथाइल बोरेनबरोबर मिसळून इंजिन पेटवायला वापरतात, म्हणजे आपल्याला जो दुर्गुण तोच त्यांना गुण. धाकटा भाऊ ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम, म्हणजे टीएमए, चिप आणि सोलर सेलवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढवायला जातो. आपल्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर काम करणारी बरीच मुलं केमिकल बाथ किंवा स्प्रेनं थर देतात, त्यात हा येत नाही. पण पुढं अणुथराच्या तंत्राकडं गेलं की टीएमए भेटतोच. आणि फार्मात सगळ्यांच्या ओळखीचा डायबाल, एस्टरवरून अल्डिहाइडवर थांबायला उणे ७८ अंशांना वापरतो तो, याच घरातला.

आता खरेदी. शुद्ध टील घेऊ नका. किलोमागं स्वस्त पडतं हे मालक सांगतील, त्यांना सांगा की स्टीलचा सिलिंडर, डिप ट्यूब, कायमची वेल्डेड लाईन, ऑइलचा सील पॉट आणि शिफ्टला दोन प्रशिक्षित माणसं याचाही हिशेब धरा. हेप्टेन किंवा टोल्युईनमधलं द्रावण घ्या. हायड्रोकार्बनमध्ये साधारण १२ टक्क्यांच्या खाली गेलं की ते सहसा आपण होऊन पेटत नाही. मात्र इथंच माणूस फसतो. बाटलीवर "नॉन-पायरोफोरिक", म्हणजे आपोआप न पेटणारं, असं वाचलं की हात सैल पडतो. सांडलेल्या द्रावणातलं हेप्टेन उडून जातं आणि मागं राहतं ते घट्ट होत जातं. फडक्यावर सांडलं तर पृष्ठभाग वाढतो, फडकं दोन मिनिटं गप्प बसतं आणि मग पेटतं. शिवाय हेप्टेनचा फ्लॅश पॉइंट उणे ४ अंश, म्हणजे ठिणगी कुणीही पुरवली तरी चालते. एक मोलरचं द्रावण तर या मर्यादेच्या वरच पडतं, तेव्हा ते पेटणारं आहे असंच धरून चला.

हाताळताना लॅबमध्ये सिरिंज आणि प्लँटमध्ये नायट्रोजनच्या दाबानं बंद लाईन, तिसरा मार्ग नाही. सिरिंज काचेची, लॉकवाली, आणि निम्म्यापेक्षा फार जास्त भरायची नाही. जास्त लागत असेल तर कॅन्युला, म्हणजे दोन्ही टोकांना सुई असलेली बारीक नळी. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या युसीएलएमध्ये एक तरुण संशोधक टर्शरी ब्युटाइल लिथियम सिरिंजनं ओढत होती. प्लंजर बाहेर आला, द्रव अंगावर पडून पेटलं. अंगावर सिंथेटिक स्वेटर, लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. पदार्थ वेगळा, पण वागणूक हीच. म्हणून टेरिकॉटचा शर्ट घालून कुणी या हूडसमोर उभं राहायचं नाही. सुती किंवा आग न धरणारा कोट, पूर्ण फेस शील्ड, आणि निळ्या पातळ नायट्राइल मोज्यांवर न विसंबता वरून नोमेक्स किंवा कातड्याचे हातमोजे. पातळ नायट्राइल पेटलं की कातडीला चिकटतं. हातमोजे जाड झाले की सिरिंज नीट धरता येत नाही ही तक्रार खरी आहे. उपाय एकच, आधी कोरड्या हेप्टेनवर सराव करायचा.

नायट्रोजनबद्दल मालकांना एक विचारा: कुठला? वेल्डिंगच्या दुकानातून येणाऱ्या साध्या सिलिंडरमध्ये ओलावा आणि ऑक्सिजन टीलला पुरेल इतका असू शकतो. शुद्ध ग्रेड घ्या आणि मध्ये मॉलिक्युलर सीव्हचा कॉलम टाका. सिलिकॉनची नळी वापरू नका, ती दिसायला छान असते पण तिच्यातून हवेतली ओल हळूहळू आत येते. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसांत ओव्हनमधून काढलेलं काचसामान टेबलावर ठेवून चहाला गेलात तर ते कोरडं राहिलेलं नसतं. गरम असतानाच जोडा आणि नायट्रोजनखाली थंड होऊ द्या.

आता आवरण्याचं. यात घाई चालत नाही.

सुई बाहेर काढली की टोकाला थेंब असतो, तो धुरतो, कधी इवलीशी ज्योत दिसते. त्याला घाबरायचं नाही, पण जवळ सॉल्व्हंटचा बीकर नको. लगेच त्याच सुईनं कोरडं हेप्टेन दोन-तीनदा ओढून क्वेंचच्या फ्लास्कमध्ये सोडायचं. पाच मिनिटं उशीर केलात तर आत पांढरं ऑक्साइड धरून सुई बंद होते, आणि बंद सुईवर जोर लावणं म्हणजे प्लंजर उडवायचं निमंत्रण. बाटलीच्या सेप्टमभोवती, म्हणजे सुई टोचायच्या रबरी बुचाभोवती, पांढरी खपली दिसली तर समजायचं की ती गळतेय. ती बाटली "अजून अर्धी आहे" म्हणून ठेवायची नाही.

एका युनिटमध्ये घडलेलं सांगतो. बाटलीतलं द्रावण संपलं, तळाला पांढरट राळ दिसत होती. एका मुलानं ती सरळ सिंकमध्ये धरून नळ सोडला. बाटलीच्या तोंडातून ज्वाळा आली, काच फुटली, तळहात कापला आणि मनगट भाजलं. ती राळ मेलेली नव्हती. वर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडची साय धरली होती आणि तिच्या खाली जिवंत अल्किल होतं. ही साय फार फसवी असते. वरून धूर येत नाही म्हणून संपलं असं वाटतं, आणि पाणी सायीतून खाली पोचलं की एकदम सगळं सुटतं.

क्वेंच नीट कसं करायचं, तर आधी भरपूर हेप्टेन किंवा टोल्युईन घालून पातळ करा, नायट्रोजन चालू, व्हेंट उघडी, खाली बर्फाची आंघोळ. मग आयसोप्रोपेनॉल, तेही त्याच सॉल्व्हंटमध्ये पातळ केलेलं, थेंबथेंब. पहिला इथाइल झटकन जातो. दुसरा जरा आढेवेढे घेतो आणि तिसरा चांगलाच रेंगाळतो, कारण ॲल्युमिनियमला ऑक्सिजनवाले शेजारी मिळाले की त्याची भूक कमी होते. म्हणून बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं नाही. आयसोप्रोपेनॉलनंतर मिथेनॉल, त्यानंतर थोडं गरम होऊ देऊन परत बघायचं, आणि पाणी सगळ्यात शेवटी, तेही सावकाश.

उणे ७८ अंशांना क्वेंच करणारे माझ्या मते सगळ्यात मोठी जोखीम घेतात. थंडीत मिथेनॉल घातलं, काहीच झालं नाही, म्हणून अजून घातलं. प्रतिक्रिया गोठून बसलेली असते. कोरडा बर्फ संपला, फ्लास्क वर यायला लागला की सगळं साठलेलं एकदम पेटून उठतं. डायबालमध्ये आणखी एक गंमत आहे. त्यातून हायड्रोजनबरोबर आयसोब्युटेन निघतो, तो उणे १२ अंशांना उकळतो. म्हणजे थंड असताना तो द्रावणात विरघळून शांत बसतो आणि गरम होताना वायू होऊन बाहेर पडतो. तुम्ही व्हेंट बंद करून घरी गेला असाल तर सकाळी स्टॉपर छताला. थोडं घालायचं, तापमान चढून परत खाली आलं की मगच पुढचं. तापमान चढलंच नाही तर थांबायचं, अजून घालायचं नाही.

शेवटी हायड्रॉक्साइडची जेली होते. ढवळणारा पाता अडकतो आणि जेलीच्या पोटात तेच जिवंत खिसे राहतात. रोशेल सॉल्टचं, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेटचं द्रावण घालून रात्रभर ढवळलं की जेली सुटते आणि थर वेगळे होतात. हे फक्त वर्कअप सोपं व्हावं म्हणून करतात असं पुष्कळांना वाटतं. मला ते सुरक्षिततेसाठीही तितकंच महत्त्वाचं वाटतं.

प्लँटवर हीच गोष्ट व्हॉल्व्हमध्ये घडते. बॉल व्हॉल्व्ह बंद असताना बॉलच्या पोकळीत द्रव अडकलेला राहतो. लाईन धुतली, प्रेशर गेज शून्य, फिटरनं फ्लँज सैल केली आणि पोकळीतलं खाली आलं. म्हणून धुताना व्हॉल्व्ह अर्धवट उघडा-मिटा करून त्याच्या पोटातूनही सॉल्व्हंट किंवा मिनरल ऑइल फिरवायचं. गेजची टॅपिंग, ड्रेनची आंधळी फांदी, जिथं जिथं प्रवाह जात नाही ती जागा ड्रॉइंगवर लाल पेन्सिलनं दाखवा. तुमच्याकडं असं ड्रॉइंगच नसेल तर आधी ते काढा, टील नंतर आणा.

आग लागली तर पाणी नाही, फोम नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही, कारण टील त्याच्याशीही प्रतिक्रिया करतं. डीसीपीचं पावडर, वर्मिक्युलाइट किंवा कोरडी वाळू. वाळू म्हटलं की आपल्याकडं कुणीतरी शिरोलीहून फाउंड्रीची वाळू आणतं. ती आणू नका. मोल्डिंगच्या ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट आणि पाणी मिसळलेलं असतं. भाजून कोरडी केलेली वाळू झाकणबंद पिंपात ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून हात घालून बघा. दाबून झाकल्यावर आग विझल्यासारखी वाटते, पण ढीग उकरला की परत पेटते, म्हणून उकरायचं नाही, थंड होऊ द्यायचं. अग्निशमनची गाडी कुठूनही येवो, त्यांच्या हातात पाण्याचाच होज असणार. त्यामुळे आधीच जाऊन भेटा आणि गेटवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. शेजारच्या टाक्या थंड ठेवायला पाणी मारणं वेगळं, आणि ते कुठं मारायचं हे तुमच्या माणसानं दाखवायचं.

मग अंगावर पडलं तर सेफ्टी शॉवर कसा चालतो, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये कुणीतरी विचारतं. चालतो, आणि तोच लागतो. थोडं पाणी आग वाढवतं, धो धो पाणी ती उष्णता घेऊन धुऊन नेतं. पेटलेला माणूस क्षणात पूर्ण जोराच्या शॉवरखाली गेला पाहिजे आणि तिथंच कपडे काढले पाहिजेत. बादलीनं ओतायचं नाही. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं सलग धुवायचं. सीपीआर रुग्णालयात किंवा जिथं न्याल तिथं एमएसडीएसची, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची, प्रत पेशंटसोबत द्या. डॉक्टरांना भाजलंय ते दिसेल, कशानं ते दिसणार नाही.

पावसाचं आणखी एक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि गाड्या अडकून पडल्या. पुराचं पाणी तुमच्या शेडपर्यंत येवो न येवो, तुमचा माल घेऊन येणाऱ्या गाडीपर्यंत येऊ शकतं. वाहतुकीत याचा यूएन क्रमांक ३३९४, म्हणजे आपोआप पेटणारा आणि पाण्याशी प्रतिक्रिया करणारा, दोन्ही शिक्के. जुलै-ऑगस्टची ऑर्डर मे महिन्यातच मागवा, नाहीतर प्रॉडक्ट सप्टेंबरनंतर घ्या. साठा कमी ठेवा, उंचावर ठेवा, आणि त्या खोलीच्या छतातून पाण्याची पाइप जात नाही ना ते वर मान करून बघा. कागदपत्रांत १९८९ चे घातक रसायनांचे नियम, औद्योगिक सुरक्षा संचालनालय आणि कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळ येतं. पाण्याशी प्रतिक्रिया करणारा कचरा तसाच्या तसा बाहेर पाठवता येईल असं धरू नका, क्वेंच तुमच्याच आवारात करावं लागणार.

तर तुमच्याकडं जमेल का? लॅबला शंभर मिली द्रावण, नीट हूड, दोन माणसं हजर आणि दिवसाउजेडी काम, एवढं असेल तर जमेल. रात्रपाळीत एकट्यानं नाही. लाईट गेल्यावर हूडचा ब्लोअर आणि चिलर जनरेटरवर किती सेकंदांत येतात ते मोजून ठेवा. प्लँटच्या बॅचला मात्र मी लगेच हो म्हणणार नाही. वीस लिटर एक मोलर द्रावण पूर्ण क्वेंच केलं तर सुमारे दीड घनमीटर इथेन निघतो. तो तासाभरात सोडायचा तर मिनिटाला पंचवीस लिटरच्या आसपास, आणि तुमची व्हेंट ते नेते का हे आधी बघायला हवं. शिवाय टीलच का, हेही एकदा विचारा. एस्टरवरून अमाइड करायचं असेल तर टीएमएचं डॅब्को या अमाइनबरोबरचं घन संयुग मिळतं, ते थोडा वेळ हवेत तोलता येतं आणि बऱ्याचदा काम भागवतं. प्रतिक्रिया कोणती, बॅच साइज किती आणि व्हेंट लाईनचा व्यास काय, एवढं कळवलंत तर क्वेंचला किती वेळ द्यावा लागेल ते काढून देतो.